स्वतःच लिहायचं, स्वतःच करायचं: रॉनी बार्करच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे सांगलीकडच्या एका पतसंस्थेत कारकून आहेत, वय २८. गणपतीत, गॅदरिंगला आणि आता यूट्यूबवरही विनोदी स्किटं करतात. लिहितात तेच, आणि मुख्य भूमिकाही त्यांचीच. ग्रुपमधले सगळे म्हणतात, एक नंबर. मध्यंतरी त्यांनी 'फोर कॅन्डल्स' हे जुनं इंग्लिश स्किट पाहिलं आणि त्यांना कळलं की त्यात गिऱ्हाईक झालेल्या माणसानेच ते लिहिलंय. म्हणून विचारतात: "मलाही टीव्हीवर दोन्ही करायचंय. लेखक म्हणून शिरू की नट म्हणून? नोकरी सोडू का?" सोबत लग्नाच्या हॉलच्या बुकिंगवरचं एक स्किटही पाठवलंय. त्याबद्दल शेवटी बोलतो.

मी वीसेक वर्षं मराठी वाहिन्यांच्या विनोदी कार्यक्रमांसाठी लिहितोय, आणि लिहिता लिहिता पोस्टमन, वेटर, वॉचमन असली कामंही करतोय. तुम्ही मला कुठेतरी पाहिलं असेल, नाव आठवणार नाही. त्याचं मला आता काही वाटत नाही.

लेखक की नट, हा प्रश्न मला फार अवघड वाटत नाही. तुमच्या पत्रात मी अडखळलो ते दुसऱ्याच वाक्यापाशी: "ग्रुपमधले सगळे म्हणतात, एक नंबर." लिहिणारा आणि करणारा एकच असला की हशा आला तरी तो कुणाचा, हे कळत नाही. ओळ चांगली होती म्हणून लोक हसले, की तुम्ही भुवई उडवलीत म्हणून, की ते तुम्हाला शाळेपासून ओळखतात म्हणून? ग्रुपमध्ये याचं उत्तर मिळत नाही, कारण पुढच्या गणपतीत त्यांना तुमच्याच स्किटमध्ये काम हवं असतं. तुम्ही ज्याचं स्किट पाहिलंत, त्या माणसाने या एका गोष्टीवर जो उपाय केला तो मी माझ्या कामात रोज वापरतो. म्हणून आधी त्याच्याबद्दल.

रॉनी बार्कर. जन्म १९२९, बेडफर्डचा, वाढला ऑक्सफर्डमध्ये. आधी वास्तुशास्त्र शिकायला गेला, ते जमलं नाही, मग बँकेत कारकून झाला. (पतसंस्थेतल्या माणसाला हे वाचून बरं वाटेल, पण थांबा, नोकरीकडे पुढे येतो.) बँकेत असताना हौशी नाटकं केली आणि १९४८ मध्ये एल्सबरी गावच्या रेपर्टरी कंपनीत गेला. रेपर्टरी म्हणजे पगारी नटांचा कायमचा संच. एक नाटक चालू असताना पुढच्याच्या तालमी. आज म्हातारा, पुढच्या नाटकात फौजदार, त्याच्या पुढच्यात नोकर. आपल्याकडे असं काही राहिलं नाही. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे एकांकिका स्पर्धा, पण तिथे वर्षभर एकच एकांकिका घासतात आणि पगार कुणी देत नाही. बार्करची पुढची कित्येक वर्षं अशीच गेली: नाटक, मग रेडिओ. बीबीसी रेडिओवरची 'द नेव्ही लार्क' ही विनोदी मालिका त्याने वर्षानुवर्षं केली. टीव्हीवर लोक त्याला नीट ओळखायला लागले ते १९६६ च्या 'द फ्रॉस्ट रिपोर्ट'पासून. त्यात उंच जॉन क्लीज, मधला बार्कर आणि बुटका रॉनी कॉर्बेट असे तिघे उतरत्या उंचीने उभे राहून समाजातल्या तीन वर्गांची भाषा बोलतात, ते स्किट आजही दाखवलं जातं. ते बार्करने लिहिलेलं नव्हतं, हे ध्यानात ठेवा.

यानंतरच्या 'फ्रॉस्ट ऑन संडे' या कार्यक्रमात तो नट म्हणून होता, आणि तिथे त्याने ती गोष्ट केली. कार्यक्रमाला जेराल्ड वायली नावाच्या एका अनोळखी लेखकाची स्किटं येऊ लागली. बार्करचा एजंट सांगायचा, माझे एक अशील आहेत, बुजरे आहेत, समोर येत नाहीत. स्किटं चांगली होती, घेतली गेली. वायली कोण यावर पैजा लागल्या. कुणी म्हणे नाटककार टॉम स्टॉपर्ड असेल, कुणी म्हणे विनोदी लेखक फ्रँक म्युअर. बार्कर वाचनाला बसून वायलीच्या एखाद्या ओळीला सगळ्यांदेखत नाकं मुरडायचा. एक स्किट कॉर्बेटला इतकं आवडलं की त्याने त्याचे हक्क विकत घ्यायचं ठरवलं. वायलीने अवाच्या सवा किंमत सांगितली, आणि ही फारच जास्त आहे असं कॉर्बेटला सांगायला बार्करच पुढे! अखेर वायलीने हक्क फुकटात देऊन टाकले. मग एक दिवस वायलीने सगळ्यांना एका चायनीज हॉटेलात जेवायला बोलावलं. मंडळी जमली, बार्कर उभा राहून म्हणाला, वायली मीच. पहिल्यांदा कुणाचा विश्वासच बसला नाही.

हा किस्सा लोक गंमत म्हणून सांगतात. मला त्यात धंद्याची एक बाजू दिसते. बार्कर त्या कार्यक्रमाचा प्रमुख नट होता. त्याच्या नावाने स्किट आलं असतं तर 'नको' कोण म्हणालं असतं? निर्मात्याला त्याला दुखवायचं नव्हतं, सहनटांना त्याच्यासोबत रोज काम करायचं होतं. त्याला खरं मत हवं होतं, आणि स्वतःचं नाव काढून टाकल्याशिवाय ते मिळणार नव्हतं. म्हणजे तुमची अडचण आणि त्याची अडचण एकच. तो स्टार होता म्हणून, आणि तुम्ही ग्रुपचे कर्तेधर्ते म्हणून.

मी हे शिकलो ते अंगाशी आल्यावर. एका कार्यक्रमात सलग दोन सीझन माझी स्किटं घेतली जात होती आणि त्यात एक छोटं काम मी माझ्यासाठी राखून ठेवायचो. वाचनाला मी स्वतःच सगळी पात्रं वाचायचो, आवाज काढून, हातवारे करून. टेबलाभोवती हशा. फ्लोअरवर मात्र तेच स्किट दुसऱ्या नटांच्या तोंडी बसायचं नाही, आणि मी मनातल्या मनात नटांना शिव्या घालायचो. एकदा घसा बसला म्हणून मी वाचायला सहायक दिग्दर्शकाला दिलं. मुलगा सरळसोट वाचत गेला. नऊ पानं. चौथ्या पानापर्यंत एकही हसला नाही, आणि मलाही कळेना की यात विनोद नक्की होता कुठे. होता तो माझ्या आवाजात. कागदावर नव्हताच.

तेव्हापासून माझ्याकडे एक रीत आहे. कच्चं स्किट झालं की त्यावरचं नाव काढायचं, वाचायला अशा माणसाला द्यायचं जो नट नाही, आणि आपण भिंतीकडे तोंड करून बसायचं. तोंड भिंतीकडे अशासाठी की लोक लेखकाकडे बघून हसतात. मग पेन्सिलीने फक्त एवढंच: हशा आला तिथे फुली, कंटाळा आला तिथे आडवी रेघ. कंटाळा ऐकू येतो. खुर्च्या सरकतात, कुणीतरी खोकतं. तुमच्या ग्रुपला हे पहिल्या दिवशी विचित्र वाटेल. यूट्यूबवर टाकायच्या आधी एकदा तरी करून बघा. निदान एक स्किट, ग्रुपबाहेरच्या कुणाच्या तरी नावाने द्या. शपथेवर खोटं बोलावं लागेल, पण बार्करनेही तेच केलं.

आता 'फोर कॅन्डल्स', कारण तुम्ही लिहिलंय की त्याची मराठी करायचा विचार आहे. स्किट १९७६ चं, बार्कर आणि कॉर्बेट या दोघांच्या 'द टू रॉनीज' या कार्यक्रमातलं. हार्डवेअरचं दुकान, दुकानदार कॉर्बेट, गिऱ्हाईक बार्कर. गिऱ्हाईक काहीतरी मागतं, दुकानदाराला 'फोर कॅन्डल्स' ऐकू येतं, तो चार मेणबत्त्या काढून ठेवतो. त्याला हव्या असतात 'फोर्क हँडल्स', बागेतल्या काटेरी फावड्याचे दांडे; फक्त त्याच्या बोलीत 'ह' गिळला जातो. पुढे याच धर्तीचे घोटाळे वाढत जातात आणि दुकानदाराचा पारा चढत जातो.

मीही एकदा याची मराठी करायला गेलो होतो. नळाच्या सामानाचं दुकान. तिथे 'टी' म्हणजे पाइपचा टी आकाराचा जोड. गिऱ्हाईक म्हणतं, "सहावाटी द्या." दुकानदार आतल्या बाजूने बायकोच्या सहा वाट्या आणून ठेवतो. "वाटी नाही हो, टी! पाच काल नेले, आज सहावा टी." कागदावर मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. तालमीत मढं. का? प्लंबर असं बोलतच नाही, तो म्हणेल "अजून एक टी द्या." वाट्या मागणाराही 'सहा वाट्या' म्हणेल. आणि नळाच्या दुकानात कुणी वाट्या मागायला येईलच कशाला? तिन्ही बाजूंनी ओढूनताणून. बार्करच्या स्किटमध्ये मेणबत्त्याही त्याच दुकानात मिळतात, दांडेही मिळतात, आणि 'ह' गिळणारा माणूस त्या देशात कोपऱ्याकोपऱ्यावर भेटतो. विनोद शब्दाचा आहे, पण तो उभा आहे त्या माणसाच्या बोलीवर आणि त्या दुकानाच्या फळ्यांवर.

शेवटी आम्ही दुकान बदललं. पुण्यातला भाजीवाला, आणि नागपूरहून नुकताच बदली होऊन आलेला माणूस. तो म्हणतो, "एक किलो आलू द्या." भाजीवाला अळूच्या गड्ड्या मांडत सुटतो. "एवढं अळू? घरी लग्न आहे का?" विदर्भात बटाट्याला आलूच म्हणतात, भाजीवाल्याकडे दोन्ही असतं, कुणाला काही खोटं बोलावं लागत नाही. तिथून स्किट आपोआप चालू लागलं. तुम्ही सांगलीकडचे. तुमच्या बोलीत असे पन्नास शब्द असतील, ज्यांनी मुंबईचा माणूस फसेल. इंग्लिश स्किटची मराठी करण्यापेक्षा ते वेचा.

बार्करबद्दल आणखी एक गोष्ट, जी लिहिणाऱ्या नटांना सांगितली की त्यांना आवडत नाही. 'द टू रॉनीज' १९७१ ते १९८७ चालला, बारा मालिका, आणि त्यातल्या लिखाणाचा मोठा वाटा वायलीचा. पण इंग्लंडमध्ये बार्करला ज्या दोन भूमिकांसाठी सगळ्यात जास्त मानतात, त्या त्याने लिहिलेल्या नाहीत. एक 'पॉरिज' मधला फ्लेचर, तुरुंगातला मुरलेला कैदी; लेखक डिक क्लेमेंट आणि इयन ला फ्रेने. दुसरा 'ओपन ऑल अवर्स' मधला चिक्कू, बोलताना अडखळणारा किराणा दुकानदार आर्कराइट; लेखक रॉय क्लार्क. १९७३ मध्ये बीबीसीने बार्करला घेऊन 'सेव्हन ऑफ वन' नावाने सात वेगवेगळ्या विनोदी मालिकांचे नमुना भाग केले, त्यातून या दोन्ही निघाल्या. स्वतः इतका लिहिणारा माणूस, आणि आपली सगळ्यात मोठी कामं त्याने दुसऱ्यांच्या ओळींवर केली.

आपल्याकडे हाच प्रवास दिलीप प्रभावळकरांचा बघा. मुंबई दूरदर्शनवर ते घराघरांत पोचले ते चिमणराव म्हणून, आणि चिमणराव चिं. वि. जोशींचे. 'हसवाफसवी' त्यांनी स्वतः लिहिलं आणि त्यात सहा भूमिका केल्या, पण ते पुष्कळ नंतर. 'लोकसत्ता'तलं त्यांचं 'अनुदिनी' हे सदर पुढे अल्फा टीव्ही मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' झालं, तेही तेव्हाच जेव्हा त्या घरातल्या प्रत्येकाची डायरी आधी कागदावर स्वतंत्रपणे उभी राहिली होती. आबा, म्हणजे गंगाधर टिपरे, त्यांनी केले. पण शिऱ्या, शलाका, श्यामला यांचे आवाज लिहिताना आबांचा आवाज बाजूला ठेवता यावा लागतो. मला वाटतं, दुसऱ्यांच्या ओळी वर्षानुवर्षं तोंडात घोळवल्याशिवाय ते जमत नाही.

म्हणून लेखक की नट या प्रश्नावर माझं मत: टीव्हीत शिरायचं तर लेखक म्हणून शिरा, आणि नट म्हणून काम करा ते दुसऱ्यांच्या स्किटमध्ये. शिरायला लेखक अशासाठी की दर आठवड्याचा कार्यक्रम लिखाण खातो. एका भागात तीन-चार स्किटं, वाहिनीचे क्रिएटिव्ह त्यातली निम्मी परत पाठवणार. चांगल्या लेखकाची चणचण कायम असते. नट रांगेत उभे असतात. लेखक म्हणून खोलीत बसलात की कधीतरी एखादा नट आजारी पडतो आणि कुणीतरी म्हणतं, याला पाठ आहे, यालाच उभा करा. माझं पहिलं काम असंच मिळालं. अर्थात ही माझी वाट झाली. तुमचा चेहरा किंवा आवाज असा असेल की बघताक्षणी लोक हसतात, तर उलटंही होऊ शकतं. पत्रावरून मला ते कळणार नाही.

नोकरीचं. बार्करने बँक सोडली हे खरं, पण तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि रेपर्टरी कंपनी आठवड्याला पगार देत होती. तुम्ही २८ चे, आणि घरी तुमच्या पगारावर कोण कोण आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. सगळं त्यावर ठरतं. टीव्हीत पैसे भागाप्रमाणे मिळतात आणि हातात यायला साधारण तीन महिने लागतात. एका निर्मितीसंस्थेने माझे दोन भागांचे पैसे दीड वर्षाने दिले, तेही मी त्यांच्या ऑफिसात डबा घेऊन जाऊन बसायला लागलो तेव्हा. कार्यक्रम मध्येच बंद होतो, सीझन संपला की चार महिने फोन वाजत नाही. त्यामुळे वर्षभराचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय राजीनामा नको. तोवर सांगलीत बसूनही लिहिता येतं. बऱ्याच कार्यक्रमांत आता लेखक ईमेलने कच्चा खर्डा पाठवतात, मुंबईला वाचनापुरतं येतात. पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये सभासद होऊन स्किटची नोंदणी करून ठेवा, ते ऑनलाइन होतं. आणि करारातला हक्कांचा परिच्छेद दोनदा वाचा, एकदा तरी दुसऱ्याकडून वाचून घ्या. टोपणनाव घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण करारावर आणि बँकखात्यावर खरं नाव. वायलीच्या नावाने चेक निघाला तर वटणार नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. बार्करला रंगमंचावर 'स्वतः' म्हणून उभं राहणं आवडायचं नाही. 'द टू रॉनीज'मध्ये खुर्चीत बसून प्रेक्षकांशी थेट बोलण्याचा भाग कॉर्बेटचा असायचा, आणि तो दुसरे लेखक लिहायचे. बार्करला मिशी, चष्मा, बोली, काहीतरी पांघरायला लागायचं. एखाद्या काल्पनिक संस्थेचा प्रवक्ता होऊन तो अक्षरांची उलटापालट करत अस्खलित बोलायचा, पण रॉनी बार्कर म्हणून नाही. आज तुमच्यावर उलटं दडपण आहे. यूट्यूब, रील, सगळीकडे लोकांना 'तुम्ही' हवे असता. नाव, चेहरा, रोजचं दर्शन. ते जमत असेल तर ठीक. जमत नसेल तर त्यामुळे आपण विनोदी नट नाही, असं समजू नका.

आणि तो थांबला कसा, तेही बघण्यासारखं आहे. १९८७ च्या अखेरीस, ५८ व्या वर्षी त्याने काम सोडलं. शेवटची मालिका 'क्लॅरेन्स' १९८८ मध्ये दिसली, ती त्याने बॉब फेरिस या आणखी एका टोपणनावाने लिहिली होती. मग चिपिंग नॉर्टन गावात जुन्या वस्तूंचं दुकान टाकलं. हार्डवेअरच्या दुकानावरचं स्किट लिहिणारा माणूस खराच दुकानदार झाला, याची मला अजून गंमत वाटते. २००२ मध्ये एका चित्रपटात चर्चिलचा बटलर म्हणून परत दिसला आणि २००५ मध्ये गेला. पुढच्या मार्चमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याची स्मृतिसभा झाली, तेव्हा पाद्र्यांसोबत नेहमीच्या दोन मेणबत्त्यांऐवजी चार होत्या.

आता तुमचं स्किट. हॉलचा मॅनेजर, नवरदेवाचे वडील, नवरीचा मामा. मॅनेजर तुम्ही करणार हे न सांगताही कळतं, कारण सात पानांत सगळ्या चांगल्या ओळी त्याच्याच आहेत. मामा चौदा वेळा बोलतो, त्यातलं अकरा वेळा "काय?" आणि "म्हणजे?" हा मामा माणूस नाही, तो तुमच्या पंचसाठी ठेवलेला पाट आहे. पान तीनवर मॅनेजर सांगतो की त्याच तारखेला हॉलमध्ये तेराव्याचं जेवणही आहे आणि आचारी एकच आहे. जागा सुंदर आहे, पण तिथे हसवायला हवा मामाने. तो बिचारा पैसे वाचवायला आलाय, तो हिशेब करायला लागेल की जिलबी कॉमन ठेवली तर किती सुटतील. नवरदेवाच्या वडिलांसमोर. मॅनेजरने नुसतं बघत राहायचं.

तेवढं पान पुन्हा लिहा, मॅनेजरचं काम ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाला द्या, आणि तालमीला तुम्ही खाली बसा, भिंतीकडे तोंड करून.